पेडलबोर्ड जोडला की स्ट्रॅट बोथट वाजते : पिकअप बदलायचे की आणखी काही?

सैल_तिसरी_तार

सेटअप असा आहे. तीन सिंगल कॉइलची (एकेरी वेढ्यांच्या पिकअपची) स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर गिटार, २५० किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे फिरते रेझिस्टर), १०–४६ तारा. गिटारपासून बोर्डपर्यंत, म्हणजे इफेक्ट पेडलच्या फळीपर्यंत, ६ मीटर केबल, बोर्डपासून अ‍ॅम्पपर्यंत आणखी ६ मीटर. अ‍ॅम्प ४० वॉटचा ट्यूब काँबो, एकच १२ इंची स्पीकर.

बोर्डवरचा क्रम: ट्यूनर, वाह, जर्मेनियम फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, अ‍ॅनालॉग कोरस, डिजिटल डिले, डिजिटल रिव्हर्ब. आठही ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल थेट आरपार जाऊ देणारे), मुद्दाम तसेच निवडलेले. वीज ९ व्होल्ट १७०० मिलिअँपिअरच्या एकाच अडॅप्टरवरून, डेझी चेनने (एकाच वायरला अनेक पिना).

तक्रारी चार:
१. सगळे पेडल बंद असले तरी आवाजाची धार जाते. गिटार सरळ अ‍ॅम्पमध्ये लावली की परत येते.
२. ड्राइव्ह चालू केला की मागे बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. गेन वाढवला की तोही वाढतो.
३. फझला चेनमधली पिन लावली की अख्खा बोर्ड मरतो. एकही दिवा लागत नाही.
४. गिटारचा व्हॉल्यूम ६–७ वर आणला की क्लीन आवाज कांबळं पांघरल्यासारखा होतो.

महिन्याला दोन कार्यक्रम असतात, लहान हॉलमध्ये. सल्ले दोन मिळाले: एक, जास्त आउटपुटचे पिकअप टाका; दोन, हे सगळं विकून मॉडेलर (अ‍ॅम्प आणि पेडलची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) घ्या. खर्च करण्याआधी कारण समजून घ्यायचं आहे.

पिकोफॅरड

पिकअप बदलणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. जास्त आउटपुटच्या पिकअपवर वेढे जास्त, म्हणून इंडक्टन्स (बदलत्या करंटला अडवण्याचा गुण) जास्त, म्हणून याच केबलवर तो आणखी बोथट वाजेल.

तुमचं पहिलं आणि चौथं दुखणं एकच आहे: केबलचा कपॅसिटन्स (वीज साठवण्याचा गुण). साधी गिटार केबल मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडची असते. आठ ट्रू बायपास पेडल बंद असताना बोर्ड म्हणजे निव्वळ एक लांब वायर. ६ अधिक ६ मीटर, वर पॅच केबल आणि पेडलच्या आतलं वायरिंग, सगळं मिळून १४ मीटर धरा. म्हणजे १४०० पिकोफॅरड, आणि हे सगळं ओझं थेट पिकअपवर.

पिकअपचा इंडक्टन्स आणि हा कपॅसिटन्स मिळून एक रेझोनन्स तयार होतो. स्ट्रॅटचा जो खणखणीतपणा आपण म्हणतो तो मुख्यतः या उंचवट्याचा. त्याच्या वरचं सगळं झपाट्याने गळतं. पिकअप २.४ हेन्रीचा आणि त्याच्या वेढ्यांचा स्वतःचा १०० पिकोफॅरड धरून हिशेब असा येतो:

३ मीटर केबल, सरळ अ‍ॅम्पमध्ये: सुमारे ५.१ किलोहर्ट्झ
७ मीटर: सुमारे ३.६ किलोहर्ट्झ
१४ मीटर: सुमारे २.६५ किलोहर्ट्झ

उंचवटा पाचावरून पावणेतीनच्या खाली आला तर कुठलाही कान म्हणणार, धार गेली. अ‍ॅम्पचा ट्रेबल वाढवून ती परत येत नाही, कारण गिटारकडून जे निघालंच नाही ते अ‍ॅम्प कुठून आणणार? वाढते ती फक्त खरखर.

चौथ्या तक्रारीचंही मूळ तेच. व्हॉल्यूम पॉट मधल्या स्थितीत असला की सिग्नलच्या वाटेत रेझिस्टन्स येतो. २५० किलोओहमच्या पॉटमध्ये तो जास्तीत जास्त ६२ किलोओहमच्या आसपास जातो, आणि पॉट लॉग असल्यामुळे ही स्थिती डायलवर पाचावर नसते, सातच्या पुढे कुठेतरी येते. ६२ किलोओहमच्या पुढे १४०० पिकोफॅरड म्हणजे २ किलोहर्ट्झच्याही खालून ट्रेबल कापणारा फिल्टर. म्हणून कांबळं.

उपाय एकच: बफर, म्हणजे पिकअप आणि पुढची केबल यांच्या मध्ये बसणारं छोटं सर्किट. त्याचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) १ मेगाओहम, आउटपुट १ किलोओहम किंवा त्याहून कमी. त्याच्या पुढच्या केबलचा पिकअपला पत्ताच लागत नाही. तो कुठे लावायचा ते मात्र फझमुळे ठरतं. जर्मेनियम फझला गिटार थेट समोर हवी असते. मध्ये बफर आला की तो चिरका वाजतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून फझ साफ करण्याची सगळी गंमत जाते. तेव्हा बफर फझच्या लगेच नंतर. पिकअपवर उरतील जेमतेम ७ मीटर.

सोल्डरिंग येत असेल तर एका टीएल०७१ या ऑप-अँप चिपवर तो घरी होतो. इनपुटला ०.१ मायक्रोफॅरड, तिथून १ मेगाओहम अर्ध्या व्होल्टेजला, अर्धं व्होल्टेज दोन १० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरडने, आउटपुट पिन स्वतःच्याच उलट्या इनपुटला जोडलेली, बाहेर पडताना १०० ओहम ते १ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड, शेवटी १०० किलोओहम ग्राउंडला. हा शेवटचा विसरलात तर पुढचा पेडल दाबताना टप्प आवाज येईल.

खटका

वरच्या उत्तरात एक भर. तुमचा ओव्हरड्राइव्ह खराच ट्रू बायपास आहे का ते बघा. आयबानेझचा टीएस९ असेल तर तो बंद असतानाही बफर असतो. बॉसचे लहान पेडल बहुतेक सगळे तसेच. तसा एखादा असेल तर त्याच्या पुढची केबल आपोआप हिशेबातून बाद होते आणि दोष वेगळ्या जागी शोधावा लागतो.

ओळखायची रीत: पेडल बंद करा, वीज काढा, बॅटरीही काढा. गिटार ऐकू आली तर ट्रू बायपास, गप्प झाली तर बफर. रिलेवाले काही पेडल मात्र यात फसवतात.

आणि नवीन काही घ्यायचं नसेल तर ट्यूनर तपासा. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या पॉलीट्यून ३ मध्ये बफर आणि ट्रू बायपास निवडायचा स्विच आतच आहे. तसला ट्यूनर असेल तर तो फझच्या नंतर सरकवायचा, बफर चालू करायचा, काम झालं. ट्यूनर पहिलाच हवा असा काही दंडक नाही. फझ बंद असला म्हणजे पुरे.

मिलिअँपिअर

दुसरी आणि तिसरी तक्रार विजेची आहे.

आधी तिसरी, कारण ती अडॅप्टर जाळू शकते. जर्मेनियम फझमध्ये बहुतेक वेळा पीएनपी ट्रान्झिस्टर असतात आणि अशा सर्किटमध्ये बॅटरीचं धन टोक ग्राउंडला असतं. बाकी सगळ्या पेडलमध्ये ऋण टोक ग्राउंडला. पॅच केबलच्या शील्डने सगळ्यांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले असतात. त्यामुळे फझला चेनमधली पिन लावली की अडॅप्टरचं धन आणि ऋण थेट एकमेकांना भिडतात. शॉर्ट. चांगला अडॅप्टर स्वतःला बंद करून घेतो, साधा तापतो. पुन्हा करून बघू नका.

त्या फझला बॅटरी द्या किंवा पॉवर सप्लायचं पूर्ण वेगळं, आयसोलेटेड आउटपुट द्या. फझ जेमतेम १ मिलिअँपिअर खातो, ९ व्होल्टची बॅटरी महिनोन्‌महिने चालते. फक्त वाजवून झालं की इनपुटचा जॅक उपसायचा, कारण जॅक आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते. साधी झिंक-कार्बन बॅटरी या सर्किटला छान जमते.

आता शिट्टी. डिजिटल डिले आणि रिव्हर्बमधल्या क्लॉकची आणि स्विचिंगची घाण डेझी चेनच्या सामाईक वायरवर येते, आणि ड्राइव्ह ती इमानेइतबारे वाढवून दाखवतो. त्यात ग्राउंड दोन वाटांनी जोडलं जातं, एकदा पॅच केबलने आणि एकदा चेनने, म्हणजे लूप. १७०० मिलिअँपिअर पुरेसे आहेत, प्रश्न तो नाहीच. तो आकडा क्षमतेचा आहे. पेडल हवा तेवढाच करंट ओढतो. व्होल्टेज मात्र चुकवायचं नाही आणि पोलॅरिटी पेडलवरच्या चित्राशी ताडून बघायची.

खात्री अशी करा: डिले आणि रिव्हर्बच्या पिना चेनमधून काढा आणि त्यांना वेगळ्या अडॅप्टरवर टाका. शिट्टी गेली तर दोषी सापडला. मग हवं तर सहा-आठ आयसोलेटेड आउटपुटचा सप्लाय घ्या. घेताना पाटीवरचं वाक्य नीट वाचा: ‘आठ आउटपुट’ आणि ‘आठ आयसोलेटेड आउटपुट’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अ‍ॅनालॉग ड्राइव्हला १० मिलिअँपिअरच्या आसपास लागतात, तिथे १०० चं आउटपुट भरपूर. मोठ्या डिजिटल पेडलला ३०० किंवा त्याहून जास्त लागू शकतात. कमी पडले तर पेडल सुरू होऊन पुन्हा पुन्हा रीसेट होतो आणि लोक त्याला बिघडलेला समजून दुरुस्तीला नेतात.

गुंडाळी_केबल

बफरच्या नावाने आरती सुरू झाली आहे, म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

धार कमी होणं नेहमीच दोष नसतो. साठच्या दशकात लोक लांबलचक गुंडाळी केबलवर वाजवत. तिचा कपॅसिटन्स खूप. स्ट्रॅटचा ब्रिज पिकअप आणि तडाखेबाज ट्यूब अ‍ॅम्प यांच्यात ती केबल म्हणजे फुकटचा टोन कंट्रोल होती. आज तोच पिकअप अगदी सुरुवातीला बफर लावून, नव्या तारांवर, चकचकीत स्पीकरवर वाजवला तर दातांना झिणझिण्या येतात. मग तोच माणूस महिन्याभराने विचारतो, ट्रेबल कसा कमी करू?

म्हणून माझं मत: पहिल्या केबलची लांबी कानाने ठरवा. फझनंतर बफर लावाच, पण गिटार ते बोर्ड ३ मीटर ठेवायची की ६, हे दोन्ही लावून ऐकून ठरवा. आणि बफर लावला की अ‍ॅम्पचे ट्रेबल-प्रेझेन्स शून्यापासून पुन्हा लावा. जुन्या जागी ठेवलेत तर बफर वाईट आहे असा निष्कर्ष निघेल.

व्हॉल्यूम ६ वरचं कांबळं बफरनेही पूर्ण जाणार नाही, पहिल्या ७ मीटरचं ओझं राहतंच. तिथे ट्रेबल ब्लीड, म्हणजे व्हॉल्यूम कमी केला तरी ट्रेबल वाचवणारी जोडणी: १५० किलोओहम आणि १००० पिकोफॅरड समांतर, व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि मधल्या लगमध्ये (सोल्डर करायच्या टोकांमध्ये). फझवाल्यांना एक इशारा मात्र आहे. ट्रेबल ब्लीडने फझ साफ करताना आवाज फार टोकदार होतो. फझ तुमचा मुख्य आवाज असेल तर हे करू नका.

वाह आणि फझच्या क्रमाबद्दल कुणी बोललं नाही. जर्मेनियम फझचा इनपुट इम्पिडन्स इतका कमी असतो की त्याच्या आधी लावलेल्या वाहचा झोत अर्धा मरतो, कधी दोन्ही मिळून किंचाळतात. फझ आधी, वाह नंतर करून बघा.

बारा_इंची

मॉडेलरच्या प्रश्नाआधी अ‍ॅम्प. एकाच १२ इंची स्पीकरचा ट्रेबल टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जातो. अ‍ॅम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याच्यासमोर दीड मीटरवर उभे असाल तर ट्रेबल तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. तुम्ही तो वाढवता आणि पहिल्या रांगेतला माणूस कान धरतो. अ‍ॅम्प मागे कलता ठेवा किंवा खुर्चीवर चढवा. बोर्डसह आणि बोर्डशिवाय तुलना करतानाही कान एकाच जागी ठेवा, नाहीतर भलताच निकाल हाती येईल.

लहान हॉलला ४० वॉट जास्त वाटले म्हणून २० चा अ‍ॅम्प शोधू नका. अर्धे वॉट म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी. आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहाव्या हिश्श्यावर. स्पीकर बदलूनच ३ डेसिबल इकडेतिकडे होतात: १०० डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ९७ चा लावला की झालं.

अटेन्युएटर (अ‍ॅम्पची ताकद मध्येच खाणारा डबा) लावणार असाल तर तो अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये, ओहम जुळवून, आणि स्पीकर केबलनेच. गिटारची शील्डेड केबल तिथे चालत नाही. आणि ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर किंवा लोडशिवाय कधीही चालू करायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

आयआर_वाला

मॉडेलर चांगलाच पर्याय आहे, पण तुमच्या चार तक्रारींवरचं उत्तर म्हणून नाही. गिटार ते मॉडेलर ६ मीटर केबल तिथेही राहणार. जर्मेनियम फझ त्याच्या समोर लावला तर त्याला बॅटरी तिथेही लागणार. पिकअपवर येणारी गुणगुण तर हाय-गेन मॉडेलमध्ये जास्तच ऐकू येते.

कमी होतं ते ओझं, पॅच केबलची संख्या आणि डेझी चेन. लाइन ६ च्या हीलिक्ससारख्या यंत्रात इनपुट इम्पिडन्सही बदलता येतो. ‘ऑटो’ ठेवला की साखळीतल्या पहिल्या ब्लॉकप्रमाणे तो लागतो, म्हणून आतला फझ पहिला ठेवला तर गिटारच्या व्हॉल्यूमला बऱ्यापैकी नीट प्रतिसाद देतो. स्टेजवर लोक दोन चुका करतात. खोलीत हळू आवाजात बनवलेला प्रीसेट हॉलमध्ये तसाच वाजवतात. मोठ्या आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल जास्त लागतात, मग गिटार एकाच वेळी गुबगुबीत आणि चिरकी होते. प्रीसेट कार्यक्रमाच्या आवाजातच बनवा, खाली ८० हर्ट्झ आणि वर ६ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास कापा. दुसरी चूक: कॅब सिम्युलेशन (स्पीकरच्या आवाजाची नक्कल) चालू ठेवून गिटार अ‍ॅम्पच्या समोरच्या इनपुटला जोडणं. एका स्पीकरच्या आवाजावर दुसरा स्पीकर बसतो, आणि बोथटपणा म्हणजे काय ते तेव्हा कळतं.

सैल_तिसरी_तार

सगळ्यांचे आभार. सांगितलेल्या चाचण्यांचा निकाल:

ओव्हरड्राइव्ह खरा ट्रू बायपास निघाला, वीज काढूनही गिटार ऐकू येते. ३ मीटरची केबल सरळ अ‍ॅम्पमध्ये आणि पूर्ण बोर्ड, यांतला फरक अ‍ॅम्प कलता ठेवूनही कायम. फझनंतर उसना बफर लावल्यावर बहुतेक धार परत आली; ट्रेबल ७ वरून ५ वर आणावा लागला. वाह फझच्या नंतर नेला, झोत पूर्ण मिळतो. फझ बॅटरीवर, बोर्ड जिवंत. डिले आणि रिव्हर्ब वेगळ्या अडॅप्टरवर टाकले की शिट्टी गेली.

उरली ती जाड गुणगुण. ड्राइव्ह चालू असताना येते. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला की जाते. पिकअप निवडायचा स्विच २ आणि ४ वर असला की जवळजवळ नसते, १, ३, ५ वर असते. तारांना हात लावला की थोडी कमी होते. हे ग्राउंडिंगचं आहे का? अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून बघ असं एकाने सुचवलं.

मिलिअँपिअर

अर्थिंगची पिन काढायची नाही. कधीच नाही. अ‍ॅम्पमध्ये दोष आला तर ती पिनच वीज जमिनीत नेते; ती नसेल तर वीज तारांवाटे तुमच्या हातातून माइकच्या जाळीकडे जाते. ग्राउंड लूप तोडायचा असेल तर ऑडिओच्या बाजूने तोडतात: डीआय बॉक्सचा (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डब्याचा) ग्राउंड लिफ्ट स्विच किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तुमच्याकडे तर लूप उरलेलाही दिसत नाही. व्हॉल्यूम शून्यावर आवाज जातो, म्हणजे तो गिटारमधूनच येतोय.

पिकोफॅरड

तुमच्या स्विचनेच उत्तर दिलंय. मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा आहे, म्हणून २ आणि ४ वर दोन कॉइलची गुणगुण एकमेकींना खाते. १, ३, ५ वर सिंगल कॉइल एकटी असते आणि आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडते. गिटार घेऊन जागेवर गोल फिरा. एका कोनात ती बरीच कमी होईल. अ‍ॅम्पपासून दोन पावलं लांब उभं राहिल्यानेही फरक पडतो.

हात लावल्यावर जो भाग कमी होतो तो वेगळा: विद्युत क्षेत्रातून येणारी भुणभुण, डिमर आणि स्वस्त एलईडीची. तिच्यावर शील्डिंग चालतं. चुंबकीय गुणगुणीवर तांब्याचा फॉइल जवळपास निरुपयोगी. तिच्यासाठी एकावर एक दोन कॉइलचे नॉइजलेस पिकअप, नाहीतर नॉइज गेट (सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की आवाज बंद करणारा पेडल). गेट ड्राइव्हच्या नंतर आणि डिलेच्या आधी. उलट केलंत तर डिलेचं शेपूट मध्येच छाटलं जाईल.

गुंडाळी_केबल

नॉइजलेस पिकअपने गुणगुण जाते, पण थोडी हवाही जाते, माझ्या कानाला तरी. मी २ आणि ४ वर ड्राइव्ह वाजवेन आणि १, ३, ५ क्लीनला ठेवेन. गेटचा थ्रेशोल्ड गिटार गप्प असताना गुणगुण जेमतेम बंद होईल इतकाच ठेवा, नाहीतर लांब धरलेला स्वर शेवटी तुटतो.

खटका

फॉइल लावणार असाल तर: चिकट बाजूही वीज वाहणारी आहे असाच तांब्याचा फॉइल घ्या. तुकडे एकमेकांवर अर्धा सेंटिमीटर चढवा. पोकळीचा फॉइल पिकगार्डच्या फॉइलला टेकला पाहिजे, म्हणून एका स्क्रूच्या भोकापाशी तो कडेवर दुमडून वर आणा. एक वायर फॉइलपासून व्हॉल्यूम पॉटच्या पाठीला. मल्टिमीटरने कुठल्याही दोन टोकांमध्ये १ ओहमच्या आत यायला हवं. पिकगार्ड बसवण्याआधी पाच-वे स्विचच्या आणि जॅकच्या शेजारच्या फॉइलवर इन्सुलेशन टेप मारा. स्विचचे लग पोकळीच्या भिंतीला टेकले की फक्त काही पोझिशनला गिटार मुकी होते, आणि मग तुम्ही पुन्हा पिकअपवरच संशय घ्याल.